इंग्लिश इंडस्ट्रियल मेटल (मशीनच्या ठोक्यांवरचं मेटल) बँड नेलबॉम्ब एका अल्बमवर थांबले ते बरं झालं की माती केली?

ड्रममशीन:
काल परत पॉइंट ब्लँक ऐकला, १९९४ चा, यांचा एकमेव स्टुडिओ अल्बम. माहीत नसेल त्यांच्यासाठी, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फज टनेल बँडचा अ‍ॅलेक्स न्यूपोर्ट आणि ब्राझीलच्या सेपल्टुरा या मेटल बँडचा मॅक्स कॅव्हलेरा, या दोघांनी केलेला उद्योग, खाली अधूनमधून मशीनचे ड्रम्स आणि सॅम्पल्स (उचललेले आवाजाचे तुकडे), वर दोघं आळीपाळीने बोंबलतायत. १९९५ ला हॉलंडच्या डायनॅमो फेस्टिवलमध्ये सेट वाजवला, तोच लाइव्ह अल्बम म्हणून काढला आणि खेळ खल्लास. माझं म्हणणं, बरोब्बर वेळी थांबले. हा राग दुसऱ्या अल्बममध्ये नाटकी वाटला असता.

बेसवाला:
काहीही. न्यूपोर्टची रिफ (गिटारची परत परत येणारी धून) लिहायची पद्धत बघ, फज टनेलचं १९९१ चं हेट साँग्स ऐक, तो माणूस आत्ता कुठे मशीनशी खेळायला शिकत होता. लाइव्ह अल्बमच्या शेवटी दोन नवी स्टुडिओ गाणी आहेत ना, ती कुठे नाटकी वाटतात? म्हणजे माल होता, काढला नाही.

खवचट_काका:
आधी हे सांगा, याला इंग्लिश बँड कोण म्हणतंय? अर्धा नॉटिंगहॅम, अर्धा ब्राझील, बरेचसे ड्रम्स मॅक्सचा भाऊ इगोर वाजवतोय. इंग्लिश इंडस्ट्रियल मेटल म्हणजे बर्मिंगहॅमचे गॉडफ्लेश, विषय संपला.

ड्रममशीन:
काका, त्याच अल्बमवर बर्मिंगहॅमच्याच डूम बँडचं एक्स्प्लॉइटेशन हे गाणं आहे, कव्हर म्हणजे यांनी परत वाजवलेलं. पाळंमुळं इंग्लिश क्रस्ट पंकमध्येच (पंक आणि मेटलची खरखरीत भेसळ) आहेत की. आणि बरं झालं गॉडफ्लेश आणलेत. त्यांचा १९८९ चा स्ट्रीटक्लीनर अल्बम ऐका आणि मग २००१ चा हिम्स, मशीन जाऊन खराखुरा ड्रमर आला आणि ती घुसमट गेलीच ना. तेच म्हणतोय मी.

फीडबॅक:
हिम्सला नावं ठेवू नका राव 😤 टेड पार्सन्स ड्रम्स वाजवतोय त्यात, स्वान्स बँडवाला. आणि गॉडफ्लेश २००२ ला तुटले तरी २०१० ला परत आले, २०१४ चा अल्बम तर मशीनवरच आहे आणि कडक आहे. चालू राहिलं की चुका होतात आणि त्या सुधारताही येतात, एकच अल्बम काढणाऱ्याला कोण नापास करणार. नेलबॉम्बच्या लाइव्ह अल्बमचं नावच प्राउड टू कमिट कमर्शियल सुसाइड, पण अरे मॅक्सच्या हातात तेव्हा सेपल्टुरा होतं, त्यांचा केऑस ए.डी. अल्बम नुकताच गाजलेला, पोटापाण्याची सोय असताना कसली आत्महत्या?

बेसवाला:
हेच तर. मॅक्सचं काही गेलं नाही, न्यूपोर्टचं मात्र फज टनेलही १९९५ लाच बंद पडलं. नंतर तो प्रोड्यूसर झाला, अ‍ॅट द ड्राइव्ह-इन या बँडचा १९९८ चा अल्बम त्याचाच, ऐका तो, सगळं कसं समोर बसून वाजवल्यासारखं. चांगलंच काम आहे पण माझ्यासारख्याला त्याची घाणेरडी फझवाली (फाटक्या आवाजाची) गिटार हवी होती.

ड्रममशीन:
मग गिटारवाल्याला प्रोड्यूसर व्हावंसं वाटलं तर वाटू दे की, आपण कोण?

खवचट_काका:
आणि २०१७ ला मॅक्सने सोलफ्लायला, म्हणजे त्याच्या नंतरच्या बँडला, घेऊन अख्खा पॉइंट ब्लँक टूरवर वाजवला, न्यूपोर्टशिवाय. ते तुमच्या बरोब्बर थांबण्यात बसतं का?

ड्रममशीन:
नाही बसत. तो प्रकार मलाही पटला नव्हता. पण नवा अल्बम तरी नाही ना काढला.