२,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे संगणकाविना कसे ठरले?

प्रश्न:
२^३१ − १, म्हणजेच २,१४,७४,८३,६४७, ही संख्या मूळ असल्याचे ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये बर्नुली या दुसऱ्या गणितज्ञाला पत्राने कळवले होते, असे वाचनात आले. तिचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित जास्त भरते आणि तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करणे एक वेळ जमेल, पण त्यांत एकही चूक न होणे मला अवघड वाटते. भागाकार कमी करण्याची काही युक्ती त्याच्याकडे होती का?

उत्तर १:
होय, आणि ती युक्ती मूळ निष्कर्षापेक्षाही सुंदर आहे. समजा, प ही मूळ संख्या या संख्येला निःशेष भागते. मग २^३१ ला प ने भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकीही १ असते, आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे प−१ ला ३१ ने भाग जावाच लागतो. प विषम आहे, तेव्हा ६२ नेही जातो. शिवाय २^३२ ची बाकी २ येते आणि २^३२ हा तर ६५,५३६ चा वर्ग. अर्थात प ने भागल्यावर २ बाकी उरेल असा एक वर्ग अस्तित्वात आहे. प ला ८ ने भागून १ किंवा ७ उरत असतील, तरच हे शक्य असते.

दोन्ही अटी एकत्र केल्या, की प ला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ एवढ्याच बाक्या संभवतात. ४६,३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आत आहेत आणि त्यांतल्याही कित्येक संयुक्त निघतात. ६३ आणि २४९ बाद होतात. पहिली खरी उमेदवार ३११, तिने २^३१ − १ ला भागल्यास बाकी ३५. त्यानंतरची थेट १३०३, तिची बाकी २२६.

उत्तर २:
वरील मांडणी बिनचूक आहे. मात्र घातांक मूळ असला की २^न − १ ही संख्याही मूळ असते, असा समज कोणी करून घेऊ नये. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २^न − १ मूळ येते अशा घातांकांच्या आपल्या यादीत मर्सेन या गणितज्ञाने ६७ घेतला होता, पण १९०३ मध्ये कोल या गणितज्ञाने २^६७ − १ चे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव दाखवले. मोठ्या घातांकांसाठी लुकास-लेमर कसोटीच सोयीची पडते: ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या २^न − १ या संख्येने भागून बाकी घ्यायची. ३१ साठी हे २९ वेळा केल्यावर बाकी शून्य येते, म्हणजे २^३१ − १ मूळ ठरते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. २०४७ वर ताळा करून पाहिला. २३ आणि ८९ या दोन्हींतून १ वजा केल्यास २२ ने भाग जातो आणि ८ ने भागल्यावर अनुक्रमे ७ आणि १ उरतात.