ग्रंथालयाचा जमाखर्च: सांभाळणाऱ्यांचे अनुभव

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये सरकारी वाटली, तरी ती चालवतात स्थानिक नोंदणीकृत संस्था, आणि अनुदान व प्रत्यक्ष खर्च यांची तोंडमिळवणी कार्यकारिणीलाच करावी लागते. ज्यांनी हे हिशेब वर्षानुवर्षे पाहिले आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

चिटणीस, ‘ड’ वर्गाचे (शासनाच्या सर्वांत खालच्या श्रेणीचे) ग्रंथालय, खेडेगाव
२०१२ च्या वाढीनंतर आमचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये झाले; पुढची वाढ, ६० टक्क्यांची, जाहीर व्हायला २०२२ उजाडले. मधल्या काळात वर्तमानपत्रे, दिवाळी अंक आणि वीज यांचे दर काही आमच्यासाठी थांबले नाहीत. अनुदानातला निम्मा वाटा वेतनाचा धरला, तर ग्रंथपालाला महिन्याला १,२५० रुपये पडत, आणि एवढ्यावर रोज संध्याकाळी कुलूप उघडायला येणारा माणूस ‘कर्मचारी’ म्हणून तपासणी अहवालात नोंदवला जातो, याची मला नेहमी गंमत वाटते. हप्ता मार्चअखेरीस आला, की पुस्तकखरेदी, दाखलनोंद (नव्या पुस्तकांची नोंदवहीत नोंद) आणि बिले यांची एकच धांदल उडते. तोवर पेपरवाला उधारीवर थांबलेला असतो. आमचा बिनव्याजी सावकार तोच.

कोषाध्यक्ष, शहरातील जुने वाचनालय
आमची मदार ठेवींवर. कायम निधीला हात लावायचा नाही आणि व्याजातून भागवायचे, ही पद्धत व्याजदर चढे होते तोवर निभावली. दर उतरले तसे तळमजल्यावरच्या गाळ्याचे भाडे हेच मुख्य उत्पन्न झाले. वर्गणी वाढवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत दर वेळी बारगळतो. सभासदांची अनामत हे संस्थेचे देणे आहे, उत्पन्न नव्हे, हेही प्रत्येक नव्या कार्यकारिणीला पुन्हा समजावून सांगावे लागते.

निवृत्त लेखापरीक्षक
लहान संस्थांत अफरातफरीपेक्षा कागद अपुरे असण्याचा त्रास मी अधिक पाहिला. पदाधिकारी बदलले, पण बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल झाला नाही, म्हणून बँकेत सह्या अडकतात. २०२१ पासून आयकर सवलतीसाठी संस्थांची पुनर्नोंदणी आली. ८०जी सवलत (देणगीदाराला देणगीवर मिळणारी आयकर सवलत) असलेल्या संस्थेला देणग्यांचे विवरणही दरवर्षी ३१ मेपर्यंत भरावे लागते, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही. गणेशोत्सवात पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे.

ग्रंथपाल, तालुक्याचे गाव
वेतन हप्त्यांनी मिळत असल्याने घरखर्च माझ्या शिकवण्यांवर चालतो. मात्र आमच्या अध्यक्षांनी माजी विद्यार्थ्यांकडून दरमहा ठरावीक वर्गणी थेट खात्यात घ्यायला सुरुवात केल्यापासून वीजबिल एकदाही थकलेले नाही.