ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे 'जा पुढे' असं समजायचं का?

फोंडेकर७२:
काल तिस्क-उसगावहून धारबांदोड्याकडे जात होतो, पुढे एक रिकामा टिप्पर रेंगाळत चाललेला, पाच मिनिटं त्याची धूळ खाल्ली. समोर रस्ता मोकळा, मधली रेघ तुटक, आणि त्याने उजवा इंडिकेटर दिला. मला वाटलं जा म्हणतोय, देतातच की तसा आपल्याकडे. मी उजवीकडून काढली आणि हा बाबा उजवीकडच्या कच्च्या वाटेला वळायलाच लागला! ब्रेक दाबला, गाडी थांबली तेव्हा त्याचं मागचं चाक माझ्या आरशापासून वीतभर. बायको गाडीत गप्प, घरी आल्यावर म्हणाली चूक तुझीच. खरंच माझी का?

काणकोणकर:
वहिनींचं बरोबर आहे रे. उजवा इंडिकेटर म्हणजे उजवीकडे वळतोय किंवा सरकतोय, 'जा पुढे' असा अर्थ कायद्यात नाहीच. गंमत म्हणजे २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनप्रमाणे ओव्हरटेक उजवीकडूनच करायचं, पण पुढचा उजवीकडे वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर आला असेल तर त्याला डावीकडून काढता येतं. म्हणजे तुला डावीकडून जायचं होतं, तू नेमका उलटा गेलास 😄
तुटक रेघ म्हणजे सूट आहे, हुकूम नाही. अखंड रेघ आपल्या बाजूला असेल तर ओलांडायची नाही, आणि वळण, चढाचा माथा, झेब्रा क्रॉसिंग इथे तर विचारच सोड. पुढचा स्वतः कुणाला ओव्हरटेक करत असेल तरी नाही. धोकादायक ओव्हरटेक मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येतं, पहिल्या वेळी १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

घाटवाला:
कलमं ठीक आहेत पण मी अनमोड घाटातून आठवड्याला दोनदा जातो, हिशोब सांगतो. ट्रक ४० ने, तुम्ही ६० ने, फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी, आपली गाडी, मागचं पुढचं अंतर धरून ५५ मीटर तरी कापायचे, म्हणजे दहा सेकंद. तेवढ्यात तुम्ही १६५ मीटर पुढे जाता आणि समोरचाही ६० ने येत असेल तर तोही तेवढाच जवळ येतो. मोकळा रस्ता ३३० मीटर तरी दिसायलाच हवा, घाटात तेवढा सलग कुठे दिसतो सांगा. आणि ट्रकच्या ढुंगणाला चिकटून राहायचं नाही, मागे राहिलं की पुढचं दिसतं आणि त्यालाही आरशात आपण दिसतो.

म्हापशाची_स्कूटरवाली:
थांबलेल्या बसला डावीकडून काढणारे पण ऐका जरा! दार डावीकडेच असतं, माणूस पाय खाली ठेवतो आणि स्कूटर तिथेच हजर. मी स्वतः एका आजींना उतरताना बघून कसाबसा ब्रेक लावलाय, त्यांच्या पिशवीतले नारळ रस्त्यावर गडगडत गेले, ते गोळा करून दिले आणि वर शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

फोंडेकर७२:
बायकोला सगळं वाचून दाखवलं. रेघ तुटक होती एवढंच तिला मान्य आहे. रविवारी परत त्याच रस्त्याने सासरी जायचंय, गाडी ती चालवणार म्हणे.