ॲप स्टोअर: ३० टक्के राहू द्या, तोंडावरची पट्टी काढा

अर्धविराम
ॲप स्टोअरची चर्चा निघाली की गाडी ॲपमधल्या विक्रीतून स्टोअर कापून घेतं त्या ३० टक्के कमिशनवर येऊन अडकते. मला विचाराल तर कायद्यानं हात घालायची जागा ती नाहीच. "हेच आमच्या वेबसाइटवर स्वस्त मिळतं" एवढं वाक्य ॲपमध्ये लिहायला बंदी, खरी मेख तिथे आहे. दर चढा असेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, पण दुसरीकडे काही आहे हे त्याला कळायला तर हवं! एपिक (फोर्टनाइट गेमवाली कंपनी) विरुद्ध ॲपल खटल्यात २०२१ साली दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपल जिंकली. हरली ती नेमकी याच एका मुद्द्यावर.

तिरकस
दुकान त्यांचं, राखणदार त्यांचा, आणि आत उभं राहून "समोर स्वस्त आहे" अशी पाटी तुम्ही लावणार? कुठला दुकानदार लावू देईल? शिवाय वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर २०२१ पासून १५ टक्केच पडतात. आणि एपिक काही संत नव्हे. २०२० मध्ये फोर्टनाइटमध्ये स्वतःचं पेमेंट घुसवलं ते नियम मोडून, दाव्याचे कागद तयार ठेवूनच.

कोडहमाल
दुकानाची उपमा इथे लागू नाही. गिऱ्हाईक घरी गेल्यावर दुकानदार दर महिन्याला त्याच्या खिशात हात घालत नाही. वर्गणीच्या ॲपमध्ये कमिशन दर महिन्याला कापलं जातं.
माझाच अनुभव सांगतो (स्टोअरचं नाव नको). एक अपडेट नामंजूर होऊन परत आलं. कारण? ॲपमधल्या 'मदत' पानावरून वेबसाइट उघडायची, तिथल्या मेनूत गेलं की वर्गणीचे दर दिसायचे. मेनूतली ती ओळ उडवली, अपडेट मंजूर. ॲपच्या कोडला हातही लावला नव्हता.

तिरकस
बाहेरच्या लिंकला ॲपलनं अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी दिली की.

अर्धविराम
कशी दिली तेही सांगा ना. बाहेर झालेल्या विक्रीवर २७ टक्के. त्यात पेमेंट कंपनीचे तीनेक टक्के मिळवा, आलात परत तिसावर! वर लिंक दाबली की पडदाभर इशारा, जणू तुम्ही चोरबाजारात निघालात. ३० एप्रिल २०२५ ला न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी हे त्याच खटल्यात बाहेरच्या लिंका लावू द्या म्हणून दिलेल्या २०२१ च्या आदेशाचं जाणूनबुजून केलेलं उल्लंघन ठरवलं.

पारावरचा
मला गंमत वाटते ती वेगळीच. अँड्रॉइडवर दुसरी स्टोअर टाकता येतात, तरी एपिकच्याच दुसऱ्या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीनं गूगलला मक्तेदार ठरवलं. आयफोनवर मुळात दारच नव्हतं, ती कंपनी बहुतेक मुद्द्यांवर सुटली. म्हणजे कुलूप पहिल्या दिवसापासून लावा, कुणी विचारत नाही!

अर्धविराम
टोमणा झकास, पण अर्धाच खरा. गूगलनं दार उघडं म्हणून सांगितलं आणि फोन बनवणाऱ्यांना, गेम कंपन्यांना पैसे देऊन ते आतून लोटून घेतलं. ते करार कोर्टापुढे आले. ॲपल फोन स्वतःच बनवते, ती असा करार करणार कुणाशी? बाजाराची व्याख्याही (मक्तेदारी नेमकी कुठल्या बाजारात मोजायची ते) दोन्ही खटल्यांत वेगळी धरली गेली, आणि अशा दाव्यात निम्मी लढाई तिथेच होते.

तिरकस
इशाऱ्याच्या पडद्याचं मान्य, तो आचरटपणा होता. पण उद्या कुठूनही ॲप टाकता यायला लागलं आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांनी भलतंच काही टाकलं, तर निस्तरणार कोण?

कोडहमाल
ॲपलच्याच मॅक कॉम्प्युटरवर आजही कुठूनही ॲप उतरवता येतं. कंपनी तीच. तिथे कोण निस्तरतं?