कथकच्या कार्यक्रमांसाठी ७०-२०० लेन्स : जुनी एफ/२.८ की नवी एफ/४? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात कथक शिकते आणि आमच्या क्लासच्या कार्यक्रमांचे फोटो काढायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं आहे. कॅमेरा कॅनन ईओएस आर१०, लेन्स त्याच्याबरोबर मिळालेली आरएफ-एस १८-१५०. सकाळच्या उजेडात वर्गात ही लेन्स छान चालते. नाट्यगृहात मात्र १५० मिमीला तिचं तोंड एफ/६.३ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), आणि तिथे माझी गाडी अडते.

आधी मला हे का हवंय ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. कार्यक्रमाला आम्ही छायाचित्रकार बोलावतो. माणसं मेहनती असतात, पण सम (तालाची पहिली मात्रा) कुठे येणार हे त्यांना कळायचं काही कारण नाही. तिहाईचा, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलांचा, तिसरा पल्ला सुरू झाला की कथक शिकणाऱ्या कुणालाही समजतं, आता समेवर ही मुलगी थांबणार. ते थांबणं क्षणभराचं. फोटो मिळतो तो त्याच्या आधीचा, हात अर्ध्या वाटेत असताना, नाहीतर नंतरचा, टाळ्या सुरू झाल्यावर खांदे सैल पडलेले. वर्षभर एकेक तुकडा घासून बसवलेल्या मुलीकडे स्वतःच्या समेचा एकही धड फोटो नसतो. रोहिणी भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केल्यापासून या शहरात कथक शिकणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. अशा शहरात हे फोटो नाच कळणाऱ्या माणसाने काढावेत असं मला मनापासून वाटतं.

आता लेन्सकडे वळते. बजेट साधारण सव्वा लाख. समोर दोन पर्याय आहेत.

पहिला, कॅननची ईएफ ७०-२०० एफ/२.८ एल आयएस, दुसरी आवृत्ती (२०१० ची), वापरलेली. ती अॅडॉप्टर लावून आर१० वर बसेल. वजन १४९० ग्रॅम, वर अॅडॉप्टर. दुसरा, नवी कोरी आरएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस. वजन फक्त ६९५ ग्रॅम, पिशवीत सहज मावते, वॉरंटी मिळते. मात्र तिच्यासाठी बजेट थोडं ताणावं लागेल. कॅनन तिच्या स्टॅबिलायझेशनला (नावातलं आयएस, हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) पाच स्टॉप म्हणते, जुनीला चार. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

चक्कर पकडायला मला १/५०० तरी शटर लागतं. रंगमंचावरच्या नेहमीच्या प्रकाशात माझ्या आत्ताच्या लेन्सला त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००० च्या आसपास जावं लागतं आणि चेहऱ्यावर नुसते दाणे दिसतात. एफ/४ वर तेच काम ६४०० मध्ये होईल, एफ/२.८ वर ३२०० मध्ये. माझा गोंधळ इथे आहे : एफ/४ चं स्टॅबिलायझेशन एक स्टॉप जास्त असेल, तर उघडण्यातला एक स्टॉपचा फरक त्यात भरून निघतो का? आर१० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे जे काही मिळेल ते लेन्समधूनच. आणि दोन किलोचं धूड दोन-अडीच तास धरणं खरंच जमतं का? फ्लॅश अर्थातच वापरायचा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या गोंधळाचं उत्तर आधी : नाही, भरून निघत नाही.

स्टॅबिलायझेशन म्हणजे लेन्सच्या आतले गायरो सेन्सर तुमच्या हाताचं हलणं ओळखतात आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवून प्रतिमा जागेवर ठेवतात. थरथर तुमची, उपाय तुमच्यापुरता. समोरची मुलगी गिरकी घेतेय हे त्या यंत्रणेच्या गावीही नसतं. चार स्टॉप असोत की पाच, १/६० ला फिरणारा हात पुसटच येणार. तो थांबवायला जलद शटर लागतं, जलद शटरला प्रकाश लागतो, आणि तो तोंड मोठं असलेल्या लेन्समधूनच येतो. एफ/२.८ मधून एफ/४ च्या दुप्पट प्रकाश येतो.

मग आयएस फुकट का? मुळीच नाही. मी नाटकांचे फोटो काढतो. भरत नाट्य मंदिरात एकांकिका असो की कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात मोठं नाटक, प्रकाश उतरतो आणि पात्र एका जागी बसून बोलतं तेव्हा १/६० किंवा १/४० वर २०० मिमी हातात धरून स्वच्छ फोटो येतो, तो फक्त आयएसमुळे. तुमच्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर २०० मिमीला हातातून साधारण १/३२० हवं असा जुना ठोकताळा आहे. त्याच्या कितीतरी खाली जाता येतं. कथकमध्ये ठाट (सुरुवातीचं संथ, डौलदार उभं राहणं) आहे, अभिनय आहे, वंदना आहे. तिथे तो जीव वाचवेल.

आणखी एक. चक्कर गोठवायलाच हवा असं नाही. १/१५ किंवा १/२० ला आयएस चालू ठेवून घ्या. तबलजी आणि हार्मोनियमवाले जागच्या जागी ठसठशीत येतात आणि मधोमध अंगरख्याचा घेर फिरताना दिसतो. आयएस नसेल तर तबलजीही पुसट येतो आणि फोटो वाया जातो.

थोडक्यात, तुम्हाला दोन्ही हवं. जुनीत दोन्ही आहे. माझं मत एफ/२.८ ला.

प्रतिसाद २

मी वेगळं मत मांडते. वजनाचा विचार हलक्यात घेऊ नका. आर१० बॅटरीसकट सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, त्यात जुनी लेन्स आणि अॅडॉप्टर धरले की दोन किलो होतात. वर छोटी बॉडी आणि लांब लेन्स, सगळा तोल पुढे जातो. मी ही लेन्स पालखीत दिवे घाटात वापरली आहे. चालताना खांदा दुखतो तो वेगळा, पण तासाभराने मनगट थकलं की माणूस कॅमेरा खाली ठेवतो आणि नेमकं तेव्हाच हवं ते घडतं. सम पकडायची तर कॅमेरा सतत डोळ्याला हवा. एफ/४ वाली सव्वा किलोच्या आत राहते. आयएसओ ६४०० वरचे दाणे आजच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी निघतात. निसटलेली सम कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही.

प्रतिसाद ३

तुम्ही बसता कुठे त्यावर बरंच ठरेल. आर१० उभा धरला आणि पंधरा मीटरवरून १४० मिमी लावलं, तर चौकटीत साधारण २.४ मीटर उंची मावते. म्हणजे हात वर केलेली नर्तिका घुंगरांसकट. वीस मीटरवरून २०० मिमीला जवळपास तेवढंच. तेव्हा १००-४०० वगैरेच्या मागे लागू नका, २०० पुरेसं आहे.

ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या छोट्या जागी आठेक मीटरवर जागा मिळत असेल तर ८५ मिमीची एक फिक्स लेन्सही पुरते. आरएफ ८५ एफ/२ मध्ये आयएस आहे, वजन ५०० ग्रॅम, आणि एफ/२ म्हणजे २.८ पेक्षाही एक स्टॉप जास्त प्रकाश. फोकस मात्र ७०-२०० इतका चपळ नाही.

समूहनृत्याबद्दल : १४० मिमी, पंधरा मीटर, एफ/२.८ या हिशोबात साधारण सव्वा मीटर खोलीतलंच नीट फोकसमध्ये राहतं. एकटी नर्तिका असेल तर उत्तम. मुली दोन ओळींत असतील तर मागची ओळ मऊ पडेल, तेव्हा तुम्हीच एफ/४ वर याल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधल्या दादांनी हात आणि नाच वेगळे करून सांगितले तेव्हा डोक्यात लख्ख झालं. तबलजी ठसठशीत आणि घेर फिरता, हे तर मला सुचलंच नव्हतं.

ताई, तुमचा मनगटाचा मुद्दा अगदी पटला. पण विचार करताना एक लक्षात आलं. मला सतत रोखून बसायची गरज नाही. रचना मला पाठ असतात. लहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती धून) चालू असतो, बोलांची पढंत होते, म्हणजे ते तोंडाने म्हटले जातात, तिहाई जवळ आली की कॅमेरा उचलायचा. मधल्या वेळात तो मांडीवर राहू शकतो. त्यामुळे वजन मला इतरांपेक्षा कमी छळेल असं वाटतंय. आम्ही बहुतेक वेळा दहाव्या-बाराव्या रांगेच्या कडेला असतो, म्हणजे अंतर त्या पंधरा मीटरच्या आसपासच.

विकत घेण्याआधी एफ/२.८ एका तालमीपुरती भाड्याने घेऊन बघणार आहे. वापरलेली लेन्स घेताना काय तपासायचं, ते कुणी सांगेल का?

प्रतिसाद ४

वापरलेल्या लेन्सबद्दल मी लिहितो, या विषयावर माझा जीव आहे.

पहिलं, आवृत्ती. ईएफ ७०-२०० एफ/२.८ आयएसच्या तीन आवृत्त्या : २००१, २०१० आणि २०१८. तिसरीची काचरचना दुसरीचीच आहे, लेप नवे. म्हणून दुसरी चांगल्या स्थितीत मिळाली तर तिसरीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पहिली घेऊ नका, वय झालंय. आणि नावात 'आयएस' आहे ना ते नीट वाचा. याच श्रेणीत आयएस नसलेली एफ/२.८ सुद्धा बाजारात फिरते, रंग तोच पांढरा. बॉडीत स्टॅबिलायझेशन नसताना ती तुमच्या उपयोगाची नाही.

दुसरं, बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुरकट थर दिसला तर नमस्कार करून निघा, किंमत कितीही पाडली तरी. धुळीचे दोन-चार कण मात्र जवळपास प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटोत फरक पडत नाही.

तिसरं, आयएस. २०० मिमीला लावा, शटर अर्धं दाबा. बारीक घरघर ऐकू येते आणि प्रतिमा अलगद स्थिरावते, हे बरोबर. प्रतिमा उडी मारत असेल, एका बाजूला घसरत असेल किंवा खरखर येत असेल तर सोडून द्या. मग १/३० ला दुकानाच्या पाटीचे आठ-दहा फोटो घ्या, आधी आयएस चालू ठेवून, मग बंद करून. फरक स्क्रीनवर मोठं करून तिथेच बघा. फोकस ७० ला आणि २०० ला, जवळचा आणि लांबचा, दोन्ही तपासा. अॅडॉप्टर कॅननचाच घ्या.

शेवटचं, ट्रायपॉडची कडी लेन्सबरोबर आहे ना बघा. ती असली की मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) लावता येतो आणि वजनाचा प्रश्न बराच सुटतो. आरएफ एफ/४ ला ती कडीच नाही. कधी कवडीपाटला पक्षी बघायला जावंसं वाटलं, तर जुनीला १.४ किंवा २ पट एक्स्टेंडर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) लावता येतो, आरएफ एफ/४ ला लावता येत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

एलईडी दिव्यांबद्दल सांगायचं राहिलं. अभिनय चालू असताना शटरचा आवाज नको म्हणून तुम्ही इलेक्ट्रॉनिक शटर लावाल. आर१० मध्ये त्याने एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे येऊ शकतात, आणि वेगाने फिरणारा हात तिरपा दिसतो. मेकॅनिकल शटरच ठेवा. पट्टे तरीही आलेच तर शटर बदलून बघा, १/१०० किंवा १/५० ला बऱ्याचदा निवळतं. हे प्रकाशयोजनेसकट होणाऱ्या तालमीतच तपासा.

धागाकर्ती

एफ/२.८ भाड्याने आणून रंगीत तालमीला वापरली. मिळालेलं इथे लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

१/५००, एफ/२.८, आयएसओ ३२०० ला चक्करातला चेहरा स्वच्छ आला, डोळ्यांतलं काजळसुद्धा. पण मला सगळ्यात आवडला तो समेचा फोटो, आणि त्याला १/५०० ची गरजच पडली नाही. समेवर ती खरंच थांबते. १/१६० पुरलं, आयएसओ १००० च्या आसपास. म्हणजे नाच माहीत असेल तर एक-दीड स्टॉप तिथेच मिळतो. १/२० ला घेर फिरवण्याचा प्रयोग केला, बहुतेक फोटो गेले, एक आला, आणि त्यात तबल्याच्या काठावरचा वेणीसारखा गजरासुद्धा दिसतो. मेकॅनिकल शटरचा आवाज पहिल्या रांगेत खटकला असता, बाराव्या रांगेच्या कडेला घुंगरांत विरून गेला. वजन जाणवलं, पण मोनोपॉडवर मध्यंतरापर्यंत काही वाटलं नाही. पडद्याजवळ काळोखातल्या मुलींवर फोकस दोन-तीनदा भरकटला, तेवढंच.

तेव्हा जुनी एफ/२.८, दुसरी आवृत्ती, नक्की. उरलेल्या पैशांत मोनोपॉड, कॅननचा अॅडॉप्टर आणि एक जादा बॅटरी. टॉर्च घेऊन या शनिवारी एक लेन्स बघायला जाते आहे. पावसाळ्यात ती ठेवायची कशी? ड्राय कॅबिनेट घ्यावंच लागेल का?

प्रतिसाद ४

एकाच लेन्ससाठी लगेच नको. घट्ट झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवा. आणि लेन्स वापरत राहा, बुरशी पडून राहिलेल्या लेन्सलाच आधी धरते. शनिवारी टॉर्चमध्ये काय दिसलं ते इथे लिहा, फोटो टाकलात तर मी बघून सांगतो.