'विसावा' अशुभ आहे का? आणि 'स्वस्वीकार'ला दुसरा शब्द?

माणदेशी_लेक: एका पत्रकाचं मराठी करतेय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरी वर्षानुवर्षं करणारे असतात ना, त्यांच्यासाठी आहे. वर 'रेस्ट' आणि आत पानोपानी 'सेल्फ अ‍ॅक्सेप्टन्स'. मी वर 'विसावा' लिहिलं तर आत्या म्हणाली खोड आधी, आजाऱ्याच्या घरात हा शब्द नको, तिरडी टेकवतात तो विसावा. मला तर वारीच आठवते. कुणाचं बरोबर?

पायवाट: दोघींचं. वारीत रात्री राहतात तो मुक्काम, आणि मधे न्याहारीला, दुपारी पालखी थांबते तो विसावा. वाखरीचा मुक्काम हलला की पंढरपुरात शिरायच्या आधी इसबावीला विसावा आहेच, तिथं देऊळसुद्धा आहे. आणि स्मशानाच्या वाटेवरचाही विसावाच. वडिलांच्या वेळी मी होतो. खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात, मग पुढं. तो विसावा गेलेल्याला नसतोच, वाहणाऱ्याला असतो. तुमचं पत्रकही वाहणाऱ्यांसाठीच आहे ना? मग ठेवा.

अनुस्वार: विसावा म्हणजे विश्रामच. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसं विश्रामचं विसाव, विसावा. त्यामुळे संस्कृत लिहिलं की अशुभ टळतं असं काही नाही.

कोरडवाहू: मी आजवर वि + सावली समजत होतो. भर उन्हात खुरपणी करून आई बांधावरच्या बाभळीखाली टेकायची तेव्हा 'इसावा घेते' म्हणायची. सावलीच ती.

अनुस्वार: सावलीचा संबंध नाही. 'म'चा 'व' होतो, याची डझनभर उदाहरणं देतो.

कोरडवाहू: द्या, पण आईच्या तोंडचा अर्थ उदाहरणांनी बदलत नाही.

शब्दवेडी: विसाव्याचं होईल, मला 'स्वस्वीकार' खटकतोय. स्वीकार म्हणजेच जे आपलं नाही ते आपलं करणं, 'स्व' त्यात आहेच. त्याला अजून एक स्व कशाला चिकटवायचा? 'स्वतःला आपलंसं करा' लिही, आत्यालाही कळेल.

ठाणेकर७७: प्रत्येक नव्या शब्दावर हेच. 'संगणक'लाही लोक हसायचे. चार जणांनी वापरला की रुळतो.

शब्दवेडी: संगणक ही वस्तू आहे हो. इथं रात्री तीन वेळा उठून कूस बदलून देणारी बाई वाचणार आहे, तिनं थांबून समास सोडवायचा का?

अनुस्वार: 'स्वस्थ' बघा. स्व-स्थ, स्वतःत राहिलेला. हिंदीत तो निरोगी झाला, आपल्याकडे 'स्वस्थ बस' मधे उरला. रेस्ट आणि सेल्फ दोन्ही एका शब्दात येतात.

ठाणेकर७७: 'स्वस्थ बस' हे रागावणं आहे. लहानपणी रोज ऐकलंय. त्यानं कुणाला आराम वाटेल?

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात सुशेगाद म्हणतात, पोर्तुगीजातून आलेला. बाहेरच्यांनी त्याचा आळशी करून टाकला, मूळ अर्थ शांत, निवांत. विश्रांतीच्या शब्दांना आळसाचा डाग फार लवकर लागतो.

माणदेशी_लेक: हे खरंय. आत्यानं आजोबांचं चार वर्षं केलं. ते गेले त्या रात्री तिच्या तोंडून 'सुटले मी' निघालं आणि ते तिला अजून टोचतं, मी असं कसं म्हटलं म्हणून. पत्रक खरं तर तिच्यासाठीच करतेय.

पायवाट: त्यांना सांगा, बाळंतपण झालं की आपण 'मोकळी झाली' म्हणतो, त्यात कुणी बाळाला ओझं म्हणत नाही. जीव लावून केलेल्या कामातूनही माणूस सुटतोच.

शब्दवेडी: मुक्त आणि मोकळं एकच असावेत. मोक्ष मोठा करून ठेवलाय आपण, घरात मोकळंच म्हणतो.

कोरडवाहू: ते इसावाचं राहिलं. इसबावीतला 'इस' पण त्यातलाच का?

अनुस्वार: नाही वाटत. विळ्याचा इळा तसं विसाचं इस, वीस बावी म्हणजे वीस विहिरी असेल.

कोरडवाहू: वीस विहिरी मोजल्यात का कुणी तिथं? पंढरपूरकडचं कुणी आहे का इथं?