अनुभव धागा : दारू सोडताना तुम्ही पहिल्या मीटिंगपर्यंत कसे पोहोचलात?

येत्या श्रावणात माझी दारू बंद होऊन सहा वर्षे पूर्ण होतील. दारू कशी सुटली हे आपल्यापैकी अनेकजण सांगतात; पण आपल्यासारख्याच माणसांचा गट कुठे आणि कसा सापडला, त्याच्या दारापर्यंत किती वेळा जाऊन परत फिरलो, हे क्वचितच कोणी सांगते. वाट शोधणाऱ्याला नेमकी तीच माहिती हवी असते, म्हणून आपापले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. नावे लिहू नयेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दादरच्या एका शाळेचा पत्ता लिहून दिला होता; तेथे गुरुवारी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग भरत असे. सलग दोन गुरुवार मी समोरच्या पानपट्टीपाशी उभा राहिलो आणि घरी परतलो. तिसऱ्या गुरुवारी चहाची मोठी किटली घेऊन निघालेल्या एका गृहस्थांनी मला पाहिले आणि म्हणाले, "मीटिंगला ना? मग ही पिशवी धरा जरा, कप आहेत त्यात." कप घेऊनच मी आत गेलो. मुलांच्या बुटक्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे दुमडून बसली होती आणि फळ्यावर दुपारची लसाविची गणिते तशीच होती. कोणी फी मागितली नाही, पूर्ण नाव विचारले नाही. वर्गणीची थैली फिरली, तेव्हा नवीन माणसाने काही टाकायचे नाही, असे शेजाऱ्याने हळूच सांगितले. सभासदत्वाची अट एकच : दारू थांबवण्याची इच्छा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन गावी एका शेअर दलालाच्या आणि एका शल्यविशारदाच्या भेटीतून झाली. दोघेही पिणारे होते. डॉक्टरांनी, घरच्यांनी सांगून जे मला पटले नव्हते, ते पिऊन उद्ध्वस्त झालेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना पटले, याचे कारण मला त्या भेटीत दिसते.

कोल्हापूर
मी पिणारी नव्हे, पिणाऱ्याची पत्नी आहे. कोणीतरी दिलेली पूड मी यांच्या नकळत आमटीत घालत असे. एका रात्री हे पिऊन आले, जेवले आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होऊन, छाती धरून कोसळले. ती पूड डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू प्यायल्यास शरीराला त्रास व्हावा म्हणून देतात त्या औषधाची होती, आणि ते औषध रुग्णाला कल्पना न देता देणे त्याच्या जिवावर बेतू शकते, हे मला रुग्णालयात समजले. तेथील एका परिचारिकेने मला कुटुंबीयांसाठी असलेल्या अल्-अॅनॉनची माहिती दिली. पहिल्या दोन मीटिंगांत मी चिडूनच बसले होते, कारण नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे तेथे कोणीच सांगत नव्हते. प्रत्येक बाई स्वतःविषयीच बोलत होती. तिसऱ्या वेळी एक आजी म्हणाल्या, "मी रोज कपाटातली बाटली किती रिकामी झाली ते पेन्सिलीची खूण करून बघायची." माझ्याही पर्समध्ये तशीच पेन्सिल होती. त्या दिवशी मी प्रथमच बोलले. हे अजून अधूनमधून पितात. मी मात्र रात्री झोपते.

नागपूर
एक गोष्ट सर्वांनी कृपया लक्षात घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. मी तसे केले आणि दुसऱ्या दिवशी मला स्वयंपाकघरात फिट आली. आधी डॉक्टर, मग गट, हा क्रम मला फार उशिरा कळला. पुढे मी येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे राहिलो. 1986 साली सुरू झालेल्या या केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर आलेले अनेक कार्यकर्ते आहेत. बाहेर पडल्यावर खरी कसोटी लागते. त्या दिवसांत गावातल्या साप्ताहिक मीटिंगने मला धरून ठेवले.

पुणे
खोलीत बावीस पुरुष आणि मी एकटी. सर्वजण अत्यंत सभ्यपणे वागले, तरीही बाईच्या पिण्याला जी वेगळी लाज चिकटलेली असते, ती मला तेथे बोलता येईना. मी तसे स्पष्ट सांगितल्यावर त्यांनीच मला स्त्रियांच्या ऑनलाइन मीटिंगशी जोडून दिले. पहिला गट जुळला नाही म्हणून मार्गच आपला नव्हे, असे कृपया कोणी समजू नये. मला चौथा गट जुळला.

सातारा जिल्हा
आमच्या गावाहून जवळची मीटिंग चाळीस किलोमीटरवर होती, आणि ती संपेपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली असे. मद्यपाशातून सुटू पाहणारी दोन-तीन माणसे त्या हेतूने एकत्र बसली तरी त्याला गट म्हणता येते, हे कळल्यावर मी आणि एक ट्रॅक्टरचालक मारुतीच्या देवळामागे बसू लागलो. पावसाळाभर आम्ही दोघेच होतो. आता सात जण येतात.

ठाणे
दारूमुक्तीसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने सांगितलेल्या बारा पायऱ्यांतील ईश्वराच्या उल्लेखाने मी पहिल्याच दिवशी उठून निघालो होतो. एका जुन्या सभासदाने सांगितले की, ईश्वर 'आम्हाला जसा समजला तसा', असेच शब्द तेथे आहेत. ईश्वर पटत नसेल तर तुम्ही या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती माना, असेही ते म्हणाले. मी आजही नास्तिक आहे आणि आजही जातो.

नाशिक जिल्हा
मी अजून गेलो नाही. गाव लहान आहे. कोणी ओळखीचे भेटले तर काय करावे?

धागा सुरू करणारा
माझ्या बाबतीत तसेच झाले. दुसऱ्या बाकावर माझ्याच कार्यालयातील लेखा विभागाचे लिपिक बसलेले होते. त्यांनी मान हलवली, मीही हलवली. कार्यालयात आम्ही त्याविषयी आजवर एक शब्द बोललेलो नाही. गुरुवारी मात्र दादरहून एकाच लोकलने घरी जातो.